पानं कधी कापली?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कॉलेजात कथावाचन होतं. लिहिणारी मुलं, ऐकायला त्यांचेच मित्र, थोडे पालक, आणि 'मार्गदर्शक' म्हणून मी. सोलापूरला ऊन तापायला मे महिना कुठं लागतो. डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. एका मुलानं विडी कामगार बाईची कथा वाचली. हात चांगला होता पोराचा. पहाटे उठणारी आई, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर न थांबणारी बोटं, रात्री पिऊन येणारा बाप, आणि शेवटी मुलाच्या केसांतून फिरणारा तंबाखूच्या वासाचा हात. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत कुणाची तरी आई बसली होती. तिनं हातबित वर केला नाही, बसल्या जागेवरूनच विचारलं, "दिवसभर विड्या वळली म्हणतो. पानं कधी कापली मग?" पोरं हसली. लेखक जरा गोंधळला, म्हणाला, "काकू, आदल्या दिवशी कापली असतील ना." ती म्हणाली, "हां, पण कोण?" तेवढ्यात सूत्रसंचालकानं चहाची घोषणा केली आणि विषय तिथंच मिटला.

माझ्यापुरता मात्र तो मिटला नाही.

ज्यांच्या घरात विडी आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, पण कथेतलं गणित कुठं अडलं होतं ते कळायला हवं म्हणून सांगते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. तेंदूचं पान कोरडं असतं, तसंच कात्रीखाली घेतलं तर तडकतं. म्हणून ते भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं आणि नरम झालं की पत्र्याच्या मापावर एकेक तुकडा कापायचा. हजार विड्या हा दिवसाचा हिशेब, म्हणजे तुकडेही हजार. वळून झालं की पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून परत कारखान्यात. तिथला तपासणारा खराब म्हणून बाजूला काढतो ती छाट. तिचे पैसे नाहीत. पान फाटकं निघालं, कमी भरलं, तर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणायचं आणि हजार पुरे करायचे. एवढं सगळं एका बाईच्या दोन हातांनी, स्वयंपाकपाणी सांभाळून, एका दिवसात होत नाही. पानं रात्री कापली जातात, जेवणं उरकल्यावर, आणि ती बहुतेक घरांत मुली कापतात. म्हणजे त्या मुलाच्या कथेत एक बहीण असायला हवी होती. ती दिसली असती तर तिची शाळा दिसली असती, विडी कामगाराचं कार्ड आईच्या नावावर आणि काम दोघींचं हे दिसलं असतं, आणि मुलाच्या केसांतून हात फिरत असताना बहीण कात्री घेऊन कोपऱ्यात बसली आहे हेही दिसलं असतं. त्या बाईनं कथेवर टीका केलीच नव्हती. कथेतून गळालेलं एक माणूस तिनं परत आणून बसवलं, तेही पाच-सहा शब्दांत.

मी बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं, ते सोपं जातं म्हणून. आमच्या वर्गातली निम्मी मुलं त्याच कारणानं आली होती. 'समाजाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा' असल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आम्ही पास झालो, आणि त्या विषयाचा माझ्या लिहिण्याशी काही संबंध असेल असं पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोक्यातही आलं नाही. कथा म्हणजे स्वभाव, कथा म्हणजे मन. माणूस आळशी असतो, बाई सोशिक असते, सासू खाष्ट असते आणि त्यातून गोष्टी घडतात. मराठी कथेचा मोठा भाग अजूनही याच भांडवलावर चालतो, आणि चांगला चालतो, हेही खरं.

माझे मामा कापड गिरणीत होते. साच्यावर, म्हणजे मागावर. आमच्या लहानपणी सोलापुरात घड्याळ भोंग्यावर लावत. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा, केसांत कापसाची पिंजण अडकलेली माणसं, आणि त्यांत मामा सगळ्यांच्या पुढं. चालायचेसुद्धा असे भरभर की त्यांचं बोट धरून मला पळावं लागे. मग गिरणी बंद पडली. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, थकबाकी मिळेल, असं ऐकत ऐकत वर्षं गेली. मामा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. बाळीवेशीतून मधल्या मारुतीपर्यंत यायला त्यांना कितीही वेळ लागे. कोपऱ्यावर थांबत, पेपरच्या गाड्याशी थांबत, उगाच कुणाच्या दुकानाच्या पायरीवर टेकत. घरात त्यांना नाव पडलं, 'आरामाचा माणूस'. आजी म्हणायची, अंगात आळस भरलाय त्याच्या. आम्हा मुलांना तर मामा मजेत आहेत असंच वाटायचं, कारण आमच्यासाठी त्यांना वेळच वेळ होता.

पुष्कळ वर्षांनी मारिएनथालबद्दल वाचलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, एका कापड गिरणीवर जगणारं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद झाली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही तरुण संशोधक मंडळी आपल्या सहकाऱ्यांसह तिथं गेली, आणि १९३३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. त्यांनी काय काय पाहिलं! वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं, वर्गणी माफ करूनसुद्धा. हाती वेळ होता, वाचन मात्र घटलेलं. शाळेतल्या मुलांनी नाताळात काय हवं ते लिहिताना 'आईबाबांकडे पैसे असते तर' अशी सुरुवात केली होती. आणि त्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला होता. पुरुष हळू चालत होते, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका भरभर जात होत्या. एका माणसाला दिवसाचा तासवार हिशेब लिहायला दिला, तर दहा ते अकराच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: तेवढ्यात दुपार होते.

मी पुस्तक मिटून ठेवलं. बाळीवेस ते मधला मारुती.

तेव्हा नेमकं काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. आधी हायसं वाटलं. मामांवरचा आरोप कुणीतरी उतरवला होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली हेच साध्या हिशेबानं सांगितलं होतं: एक लाखाच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, त्याचं कसब तपासा, पण पाच कोटी कामकऱ्यांत दीड कोटी बेकार असतील तर उत्तर एकेकाच्या स्वभावात शोधून सापडायचं नाही. माझ्या दृष्टीनं कथाकारानं समाजशास्त्राकडून घ्यावं ते एवढंच. 'तो तसाच होता' हे वाक्य लिहायला पेन उचललं की थोडं थांबायचं आणि त्याच्याभोवतीची व्यवस्था विचारायची. पाळी कोणती, घर कुणाच्या नावावर, पगार कुणाच्या हातात, शेवटी कोण जेवतं. बायको भांडखोर आहे की महिन्याच्या वीस तारखेला किराणा दुकानदारानं वही मिटली आहे? हे कळल्यावरही ती भांडखोर असू शकते, पण मग तिच्या भांडणाला वार आणि तारीख येते.

हायसं वाटण्याच्या मागोमाग एक चीडही आली. मामा आता हजारांतले एक झाले. त्यांच्या थांबण्याला कारण मिळालं, पण ते थांबणं त्यांचं राहिलं नाही. मग मला त्यांची ती गाठ आठवली. सुतळी असो, फुलपुड्याचा दोरा असो, मामांच्या हाताला कुठलाही तुटका धागा लागला की बोलता बोलता, न बघता, एका हातानं ते दोन टोकं जोडून टाकत. अंगठा आणि दोन बोटं, बस. साच्यावर धागा तुटला की जोडायला लागायचा तेवढाच वेळ. गाठ इतकी बारीक की बोट फिरवलं तरी लागत नसे. देवघरातल्या वातींच्या डब्यात, खिडकीच्या गजाला, माझ्या पतंगाच्या मांज्यात त्या गाठी कितीतरी दिवस होत्या. चालण्याच्या वेगाचा तक्ता करता येतो, आणि तो करावाच. या गाठीला त्यात रकाना नाही. ती मला लिहायची आहे, आणि तिच्याभोवती बंद गिरणी नसेल तर ती नुसती हातचलाखी होऊन बसते, हेही मला तो तक्ता वाचल्यावरच समजलं.

संशोधक आणि गोष्ट सांगणारा ही दोन वेगळी माणसं असतात असं आपण धरून चालतो, त्याला आपल्याकडंच किती अपवाद आहेत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणं केली, पुढं अठरा वर्षं त्यांवर काम केलं आणि १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी ते खेडं आठवणीतून लिहिलं. आकडे गेले, माणसं उरली. आपल्या इरावती कर्वे तर दोन्हीकडच्या. नातेसंबंधांचा देशभरचा अभ्यास करणाऱ्या याच बाई ललितही लिहीत होत्या. वारीला गेल्या, पंढरपूर म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, आणि टाळ-मृदंगाइतकंच त्यांचं लक्ष चुलींकडं गेलं. एकाच दिंडीत, एकाच अभंगावर चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसत होते. हे त्यांना सलत राहिलं आणि ते त्यांनी लिहिलं. वारीवर लिहिणाऱ्या इतर कितीजणांनी स्वयंपाक कुठं शिजतोय ते पाहिलं असेल? भक्तीनं त्यांचेही डोळे भरून येत होते, पण भरल्या डोळ्यांनाही पंगत दिसते.

आमच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचंही तेच. सोलापूरवर लिहायचं म्हटलं की बाहेरचा माणूस चादर, शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांच्यापुढं सरकत नाही, आणि आतला माणूस सिद्धेश्वराच्या तळ्यातलं दिव्यांचं प्रतिबिंब सोडत नाही. नंदीध्वज येतात, बाराबंदी घातलेली माणसं ती उंच काठी तोलत चालतात, दृश्य अप्रतिमच आहे. पण सातही नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं आहेत आणि कोण कुणाच्या पुढं, कोण मागं, हे ठरलेलं आहे. त्या क्रमात गावाचा इतिहास चालत येतो. ज्याला गड्ड्यावर कथा लिहायची आहे त्यानं रोषणाई पाहून झाली की काठीखाली खांदा कुणाचा आहे ते पाहावं.

याची दुसरी बाजूही मी भोगली आहे, वाचक म्हणून. समाजशास्त्र नको तेवढं अंगात मुरलेल्या कथा. त्यांत माणूस नसतो, 'प्रतिनिधी' असतो. विडी कामगार बाई शोषणच बोलते, यंत्रमागवाला जागतिकीकरणच बोलतो, मुसलमान पात्र येतं ते सलोखा दाखवायला आणि सलोखा दाखवून झाला की निघून जातं. प्रत्यक्षात पूर्व भागातली बाई विड्या वळता वळता मराठी मालिकेवर तेलुगूत शेरे मारते, मधेच कन्नड शेजारणीशी कन्नडमध्ये भांडते, आणि कारखान्यातल्या तपासनिसाची नक्कल तर अशी करते की हसून पोट दुखावं. १९६६ च्या कायद्यानं घरी बसून विडी वळणारीलाही कामगार म्हटलं, २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, या मोठ्या गोष्टी आहेत. कथेत त्या याव्यात त्या अशा: नवऱ्यानं 'चालती हो घरातून' म्हटल्यावर बाईनं शांतपणे, 'कुणाच्या?' एवढंच विचारावं.

हे सगळं आता पुन्हा वर यायचं कारण मामांची नात. सोलापूर विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करते आहे आणि तिच्या लघुप्रबंधाचा विषय आहे गिरण्या बंद झाल्यानंतरची कामगार कुटुंबं. प्रश्नावली घेऊन माझ्याकडं आली. मी उत्साहानं मामांबद्दल सांगायला लागले. भोंगा, सायकली, गाठ, सगळं. ती लिहून घेत होती, अधूनमधून मान हलवत होती. मग म्हणाली, "आत्या, आजोबा फिरत होते तेव्हा आजी कुठं होती?"

मामी कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायला जायची. यंत्रमागाच्या एका कारखान्यात. हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं. पण आमच्या घरात मामांचे किस्से ढिगानं आहेत आणि मामीचा एकही नाही. ती किती वाजता निघायची, डबा कोण करायचं, आठवड्याचा पगार कुणाच्या हातात पडायचा, यातलं मला काहीही सांगता आलं नाही. किस्सा व्हायला माणूस थांबलेला लागतो, कोपऱ्यावर, पायरीवर. भरभर निघून जाणाऱ्याचा किस्सा कोण करणार? मारिएनथालच्या अभ्यासातही बायकांचा दिवस भरलेला होता. गिरणी गेली तरी घरकाम कुठं गेलं होतं. मी ते वाचलं होतं, खाली रेघही मारली होती.

मग आम्ही दोघी मामीकडं गेलो. ऐकायला थोडं कमी येतं, बाकी खणखणीत आहे. नातीनं आधी सगळं रीतसर वाचून दाखवलं, माहिती गुप्त राहील, मधेच थांबायचं असेल तर थांबता येईल. मामी म्हणाली, "बरं बरं, विचार." आणि मग संध्याकाळ होईपर्यंत थांबलीच नाही. शेडमध्ये इतका आवाज की बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या, म्हणून आता कान गेले तरी मला फारसं अडत नाही, हे तिनं हसत सांगितलं. मालकाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत दुसऱ्या शेडला जाता येत नसे. पगाराच्या दिवशी ती घरी यायच्या आधी किराणा दुकानात जायची, म्हणजे घरी पैसा कमी यायचा आणि हिशेब कमी द्यावा लागायचा. आणि त्यातलेच थोडे पैसे ती रोज सकाळी मामांच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवायची, चहापुरते, न बोलता. "बाहेर गेल्यावर माणसाच्या खिशात काही नको का?" मामांना ते कुठून येतात ते ठाऊक होतं. त्यावर दोघांत एकदाही बोलणं झालं नाही. माझ्या आठवणीतल्या त्या शर्टाला खिसा होता हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नात लिहीत होती. तिच्या छापील प्रश्नावलीत 'कुटुंबातील उत्पन्नाचे स्रोत' या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा होती, ती भरून समासात, मग पानाच्या मागं गेली. परतताना रिक्षात म्हणाली, खिशातले पैसे कुठल्या कोष्टकात टाकू? मी म्हटलं, टाकू नकोस, मला दे. ती म्हणाली, का म्हणून, माझी आजी आहे. आमचं त्यावर खरंच वाजलं. घरखर्चातून दडवून दिलेला पैसा ही 'माहिती' आहे, तो कितीजणींनी दिला हे विचारलं तर काहीतरी मोठं हाताला लागेल, असं तिचं म्हणणं. तिनं पुढच्या मुलाखतींत तसा प्रश्न घातलाही. दोन-तीन घरांत बायका आधी हसल्या आणि मग हो म्हणाल्या. तिचा प्रबंध त्या प्रश्नानं सुधारणार आहे यात शंका नाही. माझी कथा अजून मामींच्या गप्प बसण्याशीच अडली आहे.

नवीन भानगड निराळीच आहे. मसुदा वाचून दाखवायला नात गेली तेव्हा मामीनं मधेच अडवलं, "ही कोण म्हणायची, शांताबाई?" नातीनं समजावलं की आजी, नाव बदलावं लागतं, संशोधनाचा नियम आहे. मामी भडकली. "सगळं मी सांगितलं आणि नाव शांताबाईचं?" नियम तिच्याच भल्यासाठी आहे हे तिला काही केल्या पटेना. उचल देणारा मालक केव्हाच वारला, नवरा वारला, आता कुणापासून लपायचं, हा तिचा मुद्दा. नातीनं गाइड मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या मजकुरात नाव नाही घालता येणार, ऋणनिर्देशात घालू. मी माझ्या कथेचं सांगायला गेले तर मामीनं मलाही तोच प्रश्न केला, आणि कथेत तर नाव बदलणारच हे ऐकून तिनं माझ्याशी बोलणं कमी केलं. इथंही मी तिचं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा आणखी कमी होईल. नातीला मात्र तिनं दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, ते ऋणनिर्देशाचं पान पुस्तकात पुढं असतं का मागं. पुढं असतं म्हटल्यावर म्हणाली, मग चालेल, पण अक्षर मोठं घाल.